बोटं वाचवायची तर आधी डाय बघा

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात प्रेस शॉप किती आहेत याची मोजदाद कुणी केली असेल असं वाटत नाही. सीटखालचा ब्रॅकेट, वॉशर, क्लॅम्प, बिजागरी, दुचाकीच्या साइड स्टँडची पट्टी, सगळं पत्र्यातून दाबून काढलेलं. इथल्या कुठल्याही टपरीवर चहा घेत उभे राहा आणि ग्लास धरलेल्या हातांकडे बघा. एखाद्या तरी हाताचं एखादं पेर कमी असतं. आमच्याकडे त्याला ‘बोट प्रेसला दिलं’ म्हणतात, आणि म्हणणारा बरेचदा हसत म्हणतो.

मी टूलरूमचा माणूस. आयटीआयला टूल अँड डाय मेकरचा ट्रेड केला आणि तेव्हापासून डाय, म्हणजे पत्रा ज्यात दाबला जातो तो साचा, बनवणं आणि दुरुस्त करणं हेच काम. सेफ्टीशी माझा संबंध आला तो एका हेल्परचं मधल्या बोटाचं पेर गेल्यावर. त्याच आठवड्यात, ज्या मोठ्या कंपनीला आमचा माल जातो तिचा ऑडिटवाला येणार होता. आता यातल्या कुठल्या कारणाने शेठ हलले ते मी विचारलं नाही. तेव्हाच्या कारखाने अधिनियम १९४८ प्रमाणे हजार किंवा जास्त कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर नेमावा लागायचा. आमच्याकडे पन्नास-साठ माणसं. त्यामुळे वेगळा ऑफिसर येणार नव्हताच. शेठ म्हणाले, “डाय तूच बनवतोस, तर प्रेसच्या गार्डचं पण तूच बघ.”

त्या हेल्परचे कागद करताना मी पहिल्यांदा ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, कायद्याचं परिशिष्ट नीट वाचलं. त्यात अपंगत्वाचा तक्ता आहे. अंगठा गेला तर ३० टक्के. अख्खी तर्जनी १४ टक्के, तिचं एकच पेर ९. मधल्या बोटाचं एक पेर ७, करंगळीचं ५. म्हणजे माणसाची कमावण्याची ताकद तेवढी घटली असं कायदा धरतो आणि त्या हिशेबाने महिन्याचा लाभ बसतो. आकडे वाचायला सरळ आहेत. पण प्रेस शॉपमध्ये एक पेर गेलेल्या पोराला पुन्हा प्रेसवर कुणी बसवत नाही, ठेकेदार त्याला झाडलोट आणि पॅकिंगला टाकतो, आणि ऑपरेटरची हजेरी गेल्यावर पगारात जो फरक पडतो तो सात टक्क्यांचा नसतो.

कामाला सुरुवात केली ती नुसतं उभं राहून. आमच्याकडे अकरा प्रेस, सात की-क्लचवाल्या, म्हणजे क्लच चावीने जोडणाऱ्या जुन्या, चार न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या. रोज एकेका प्रेसशेजारी तासभर उभा राहायचो आणि एवढंच बघायचो की हात डायमध्ये कधी जातो आणि कशासाठी जातो. पहिल्या दिवशी ऑपरेटर बिथरले. “काय दादा, टायमिंग लावताय का? टार्गेट वाढवणार?” त्यांचा तो संशय रास्त होता. हातात वही घेऊन प्रेसजवळ उभा राहिलेला माणूस आजवर त्यांनी फक्त त्याच कामासाठी पाहिला होता. मी वही ठेवून दिली आणि डोक्यात नोंदी ठेवायला लागलो.

हात आत जाण्याची कारणं ढोबळमानाने तीन निघाली. ब्लँक, म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा, ठेवायला, तयार जॉब, म्हणजे दाबून निघालेला नग, उचलायला, आणि अडकलेलं काहीतरी काढायला. पहिली दोन रोजची, ठरलेल्या तालातली. घात करते ती तिसरी. ऑपरेटरचा एक ताल बसलेला असतो: ठेव, दाब, उचल, ठेव, दाब, उचल. जॉब पंचला, म्हणजे डायच्या वरच्या, दाबणाऱ्या भागाला, चिकटून वर गेला की हात सवयीबाहेर आत जातो, पण पाय पायडलवरच असतो आणि पायाला ही बातमी मिळालेली नसते. तीस टनी प्रेस मिनिटाला पन्नास-साठ स्ट्रोक मारते. म्हणजे रॅम, प्रेसचा वर-खाली होणारा भाग, वरून खाली यायला अर्धा सेकंद. तेवढ्यात हात मागे घेता येतो असं ज्याला वाटतं त्याने घड्याळ लावून करून बघावं. अर्थात प्रेसवर नको.

एक उदाहरण सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. पाच नंबरच्या प्रेसवर लातूरकडच्या एक मावशी पाइप क्लॅम्पचं ब्लँकिंग, म्हणजे पट्टीतून आकार कापायचं काम, करायच्या. चपटा, जेमतेम तळहाताएवढा जॉब. पत्र्याला तेल लावलेलं, पंचचं तोंड गुळगुळीत, त्यामुळे दर पाच-सहा जॉबमागे एक पंचला घट्ट चिकटून वर जायचा. मावशी डाव्या हाताच्या तर्जनीने त्याला खालून टिचकी मारायच्या, तो पडायचा, उजवा हात पुढची पट्टी सरकवायचा. इतकं सफाईदार, की मला आधी ते दिसलंच नाही. दिसलं तेव्हा मोजून बघितलं: शिफ्टमध्ये काहीशे वेळा ते बोट पंचखाली जात होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “बारा वर्षं अशीच करतीया, अजून तरी देवाची किरपा हाय.”

इथे सावधगिरीची पाटी लावून काय होणार? चिकटतो तो तेलामुळे. दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये तेलाचा पापुद्रा असला की मधे हवा शिरत नाही आणि जॉब सुटत नाही. टूलरूमवाल्यांना यावरचा उपाय ठाऊक असतो, फक्त तो करा असं कुणी सांगत नाही, कारण जॉब तर निघतोच आहे. पंचच्या तोंडात एक बारीक भोक पाडायचं, त्यात स्प्रिंग आणि पिन बसवायची, पिनचं डोकं दोन-अडीच मिलिमीटर बाहेर. पंच पत्र्यावर टेकला की पिन आत दबते. वर उठताना ती जॉबला एका कडेने ढकलते, तेलाची पकड मोडते आणि जॉब खाली पडतो. आम्ही तिला शेडर पिन म्हणतो. भोक मधोमध पाडायचं नाही, कडेला पाडायचं, म्हणजे जॉब तिरका होऊन सुटतो. अर्ध्या दिवसाचं काम. शिवाय हवेचा फवारा दिला, तर पडलेला जॉब घसरून पेटीत जातो. त्यानंतर मावशींचं बोट आत जायचं कारणच उरलं नाही. टिचकीची सवय मात्र पुष्कळ दिवस टिकली, रिकाम्या हवेत.

या कामातून माझं जे मत बनलं ते इतकंच: प्रेस शॉपमधला अपघात नव्वद टक्के डायमध्ये असतो, प्रेसमध्ये नाही. हा आकडा कुठल्या अभ्यासातला नाही, माझ्या अंदाजातला आहे. पण सेफ्टीवाले येतात ते प्रेस बघायला. डाय उघडून बघणारा मला अजून भेटला नाही.

ब्लँक ठेवायला हात जातो त्याला उपाय सरकता ट्रे. डायच्या तोंडाशी एक ड्रॉवर करायचा, तो बाहेर ओढून त्यात ब्लँक ठेवायचा आणि आत ढकलायचा. ट्रे पूर्ण आत गेल्याशिवाय पायडल दबूच नये अशी दांडी जोडायची. ऐकायला सोपं. बसवल्यावर पहिल्या आठवड्यात आउटपुट बरंच खाली आलं आणि माझ्यावर दोन्हीकडून बोंब सुरू झाली. सुपरवायझर म्हणे माल निघत नाही, ऑपरेटर म्हणे हात दुखतो. हात दुखत होता हे खरं होतं, ट्रेची मूठ फार खाली आली होती. ती वर घेतली, खाली रोलर टाकले, तेव्हा जरा रुळलं. पण आधीच्या नगांपर्यंत ते कधीच पोचलं नाही, आणि शेठना मी तसं सरळ सांगितलं. नग थोडे कमीच येणार. तेवढं टार्गेट कमी करायला ते तयार झाले म्हणून ट्रे टिकला. नाहीतर रात्रपाळीत तो काढून कोपऱ्यात पडला असता, जसे चिमटे पडले होते. चिमटे आमच्याकडे आधीपासून होते, पण लोखंडी. डायमध्ये राहिला तर डायचे तुकडे होतात म्हणून डाय चढवणारा सेटरच ते वापरू देत नव्हता! पितळी आणि ॲल्युमिनियमचे आणले, चपट्या ब्लँकसाठी चुंबकाचे उचलणे आणले, ते वापरात आले.

आता सेन्सरबद्दल. लाइट कर्टन म्हणजे डायसमोरचा प्रकाशकिरणांचा पडदा, मधे हात आला की तो प्रेसला थांबायला सांगतो. त्याला सगळे सेन्सरच म्हणतात. ऑडिटवाल्याने सगळ्या प्रेसना सेन्सर लावा असं लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी एक विक्रेता अकरा सेन्सरचं कोटेशन घेऊन हजर. इथे मी आडवा पडलो. की-क्लचची प्रेस एकदा सुटली की फ्लायव्हीलचा, म्हणजे फिरत्या जड चाकाचा, पूर्ण फेरा घेतल्याशिवाय थांबत नाही. क्लचची चावी खाचेत बसली, की अर्ध्या वाटेत ती सोडवायची सोयच त्या रचनेत नसते. मग सेन्सरने हात ओळखला तरी तो थांबवणार कुणाला? दिवा लाल होईल, बझर वाजेल आणि रॅम खाली येईल. अशा प्रेसवर सेन्सर म्हणजे शोभा, शोभेपेक्षाही वाईट, कारण ऑपरेटर त्याच्या भरवशावर राहतो. शेठना हे पटवायला कागदावर चित्र काढावं लागलं. सात सेन्सरचे पैसे वाचतायत हे कळल्यावर पटकन पटलं.

एक सोडून बाकी की-क्लचना जाळीचं दार लावलं. पायडल दाबलं की आधी दार खाली येतं. ते पूर्ण बसलं तरच क्लचची खिट्टी सुटते. मधे हात असेल तर दार हातावर टेकून थांबतं, प्रेस सुटतच नाही. आणि स्ट्रोक पुरा होईपर्यंत दार वर उठत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण जुन्या प्रेस डबल मारतात. चावीची कड झिजली, तिची स्प्रिंग मेली, खिट्टी उशिरा परतली किंवा ब्रेकचा पट्टा सैल झाला की एकदा पायडल दाबून दोन स्ट्रोक येतात. पहिल्या स्ट्रोकनंतर हात जॉब उचलायला गेलेला असतो. ज्याचं बोट असं जातं त्याला सगळे म्हणतात, “लक्ष कुठं होतं तुझं?” लक्ष जागेवर होतं हो, स्प्रिंग जागेवर नव्हती. आता दर सोमवारी पहिल्या शिफ्टला चावी, स्प्रिंग आणि ब्रेक बघितल्याशिवाय त्या सात प्रेसची मोटर चालू होत नाही. प्रेसवर खडूने तारीख लिहिलेली असते. खडूच बरा, रजिस्टर कुणी उघडत नाही.

चार न्यूमॅटिक प्रेसना सेन्सर बसले, आणि तिथेही गोम निघाली. एका प्रेसवर बसवणाऱ्याने सेन्सर डायपासून वीतभर अंतरावर लावून दिला होता. “जवळ लावला म्हणजे ऑपरेटरला वाकावं लागत नाही.” पण सेन्सरने हात बघितला की प्रेस त्याच क्षणी थांबत नाही. व्हॉल्व्ह सुटतो, हवा निघते, ब्रेक धरतो, यात वेळ जातो. विक्रेत्याकडून थांबण्याचा वेळ मोजायचं यंत्र मागवलं. एका प्रेसवर तो ०.२ सेकंद आला. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने आत जातो असं धरून हिशेब करतात. म्हणजे तेवढ्या वेळात हात ४०० मिलिमीटर पुढे गेलेला असतो. बारीक बोटही पकडणाऱ्या, चौदा मिलिमीटरच्या सेन्सरलासुद्धा मग किमान तेवढं अंतर हवंच. वीतभर अंतरावरचा सेन्सर हाताला थांबवत नव्हता, फक्त हात कधी गेला ते सांगत होता. सेन्सर डायपासून लांब सरकवले. ब्रेकचं लायनिंग झिजलं की थांबायचा वेळ वाढतो, म्हणून ते मोजमाप अधूनमधून पुन्हा करावं लागतं. हे विकणारा सांगत नाही.

दुसरी गोष्ट, सेन्सर फक्त समोरून राखण करतो. बाजूने आणि मागून हात घालणारा हेल्पर त्याला दिसतच नाही. ज्या हेल्परपासून हे सगळं सुरू झालं तो मागे बसून स्क्रॅप काढत होता. तिन्ही बाजूंना जाळ्या ठोकल्या तेव्हा कुठे तो विषय मिटला.

बायपासची, म्हणजे सेफ्टीची सोय चुकवण्याची, कथा प्रत्येक कारखान्यात असते. दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांवर चालणाऱ्या आमच्या प्रेसवर एक बटण आगपेटीची काडी खोचून कायमचं दाबून ठेवलेलं सापडलं. सुपरवायझरला त्या पोराला मेमो द्यायचा होता. मी आधी पोराला विचारलं. तो म्हणाला, जॉब एका बाजूने हलतो, हाताने धरला नाही तर वाकडा लागतो आणि रिजेक्शन माझ्या नावावर पडतं. डाय बघितली तर खरंच, एका बाजूची, जॉब जागेवर धरणारी लोकेटिंग पिन झिजून गोल झालेली. पिन बदलली. शिवाय नवा रिले टाकला, त्याला दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात, त्यामुळे काडी खोचून भागत नाही. मेमो दिला नाही. द्यायचाच असता तर पिन झिजेपर्यंत चालवणाऱ्याला द्यावा लागला असता, आणि ते खातं माझ्याच टूलरूमचं.

डाय चढवणं-उतरवणं हा वेगळाच प्रकार. मोटर बंद केली म्हणजे प्रेस बंद झाली असं नवीन पोरांना वाटतं. फ्लायव्हील नंतरही फिरत असतं आणि त्या उरलेल्या जोरावर एक स्ट्रोक सहज बसतो. आमचे सेटर काका जुने खोड, त्यांनी हयातभर रॅमखाली लाकडाचा ठोकळा देऊन कामं केली. ठोकळ्याऐवजी ॲल्युमिनियमचा सेफ्टी ब्लॉक आणला, त्याला साखळीने एक प्लग बांधला. ब्लॉक जागेवरून उचलला की प्लग निघतो आणि मोटरचा करंट तुटतो. मेन स्विचला कुलूप, चावी सेटरच्या खिशात, चावीवर त्याचं नाव. काका पहिल्यांदा चिडले. “माझ्यावर विश्वास नाही का?” त्यांना म्हटलं, तुमच्यावर आहे, पण पलीकडून येऊन “चालू करू का?” असं न विचारता बटण दाबणाऱ्यावर नाही. तसा माणूस कोण ते दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे ते हसले आणि कुलूप घेतलं.

हातमोज्यांचं थोडं विषयांतर. ऑडिट जवळ आलं की सगळ्यांना मोजे वाटतात. पत्र्याची धार लागू नये म्हणून प्रेसवर ते ठीक. पण तेच मोजे घालून पोरं ड्रिल मशिनवर जातात, आणि फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा धागा अडकला की मोजा एकटा जात नाही, मनगटापर्यंत सगळं ओढून नेतो. ड्रिलजवळ मोजे काढा अशी पाटी मी स्वतः रंगवली. ऑडिटवाल्याने त्यावरच आक्षेप घेतला, की इथे पीपीई, म्हणजे अंगावरची सुरक्षेची साधनं, नाहीत! त्याला समजावण्यात अर्धा तास गेला.

दर ४ मार्चला सुरक्षा दिन असतो. बॅज लावतात, शपथ घेतात, निबंधाला डबा बक्षीस देतात. मला त्याचं वावडं नाही, त्या दिवशी चहासोबत समोसा असतो. पण त्या सगळ्या घोषणा ऑपरेटरला उद्देशून असतात: सावध राहा, लक्ष द्या, घरी कुणी वाट बघतंय. बारा तासांच्या शिफ्टमध्ये अकराव्या तासाला लक्ष कुठून आणायचं? मालकाला, टूलरूमला, प्लॅनिंगवाल्याला उद्देशून एकही घोषणा मी वाचलेली नाही. आणि हे फक्त आमच्याकडचं नाही. सेफ इन इंडिया ही संस्था गुरुग्राम-मानेसर भागातल्या वाहन उद्योगाच्या पुरवठादारांकडचे अपघात गेली कित्येक वर्षं नोंदवते आहे, आणि तिथेही हात चिरडणाऱ्या यंत्रांत पॉवर प्रेस सगळ्यात वर आहे.

हुकलेल्या अपघातांची नोंद ठेवायचा प्रयत्न केला. रजिस्टर कोरं राहिलं. लिहिलं तर चौकशी होईल ही भीती. मग मी चहाच्या सुट्टीत नुसतं विचारायला लागलो, “आज कुणाला दचकायला झालं?” त्यावर लोक बोलतात. मोज्याचं टोक चिमटलं, पायडलवर बोल्ट पडून प्रेस सुटली, असं काहीबाही कळतं. बोल्टवाल्या प्रकारानंतर सगळ्या पायडलना वरून पत्र्याची टोपी केली.

आणि एवढं करूनही बोट गेलंच तर काय करायचं, ते प्रथमोपचाराच्या पेटीवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय, कारण त्या वेळी कुणाचं डोकं चालत नाही. जखम स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरायचा. तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. तुकडा थेट बर्फात टाकायचा नाही, पेशी मरतात. माणसाबरोबर तुकडाही त्याच गाडीत पाठवायचा. ईएसआयला अपघाताचा रिपोर्ट द्यावा लागतो, आणि माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कारखाना निरीक्षकालाही कळवावं लागतं. “घरी पडला असं लिहू या का?” हा प्रश्न आमच्या ऑफिसातही विचारला गेला होता. मी नाही म्हटलं. खरं नोंदलं नाही तर त्या माणसाचा लाभ जन्मभरासाठी अडतो.

सध्या घोडं अडलंय ते कोपऱ्यातल्या साठ टनी प्रेसवर. की-क्लच, मोठा जॉब, दोन माणसं समोरासमोर. दार बसवलं तर पत्रा आत जात नाही, ट्रे केला तर वजन पेलवत नाही. तिचा क्लच बदलून न्यूमॅटिक करून घ्यायचं कोटेशन शेठच्या टेबलावर आहे आणि ते म्हणतात दिवाळीनंतर बघू. तोवर त्या प्रेसचं पायडल मी काढून टाकलंय आणि दोन्ही माणसांना दोन-दोन बटणं दिली आहेत. चारही बटणं एकदम दाबल्याशिवाय ती सुटत नाही, आणि बटणं इतक्या लांब आहेत की सोडून धावलं तरी हात डायपर्यंत पोचत नाही. नग निम्मे निघतात. प्लॅनिंगवाला रोज सकाळी येऊन पायडल परत लाव म्हणतो. पायडल माझ्या कपाटात आहे, कुलपात.